मूक सभासद

हौशी मंडळात, श्रोतृवर्तुळात किंवा संगणकावरील चर्चागटात नियमाने हजर राहणारी, परंतु स्वतः न गाणारी, न बोलणारी आणि न लिहिणारी व्यक्ती. एका कार्यक्रमापुरते तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला ही संज्ञा लावता येत नाही. मंडळाच्या यादीत नाव असणे, किंवा निदान इतर सभासदांना तोंडओळखीची असणे, एवढे नाते गृहीत धरावे लागते. एकलव्याचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. ते नेमके लागू पडत नाही, कारण एकलव्य गुरूच्या वर्तुळाबाहेर राहून शिकला, तर मूक सभासद वर्तुळाच्या आत असूनही अबोल असतो.

मराठी भाषकांच्या संदर्भात या प्रकाराचा विचार ग्वाल्हेरपासून सुरू करणे सोयीचे आहे, कारण केवळ ऐकून विद्या घेण्याची सर्वाधिक परिचित आख्यायिका तेथील दरबाराशी निगडित आहे. ती थोडक्यात अशी: बडे महंमद खाँ हे तानबाजीसाठी (वेगाने घेतलेल्या स्वरमालिकांसाठी) नावाजलेले गायक शिंद्यांच्या पदरी होते. दरबारातील गवई नत्थन पीरबख्श यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या कोवळ्या वयाच्या मुलांना महाराजांनी पडद्याआड बसवून बडे महंमद खाँचे गाणे ऐकण्याची सोय करून दिली. काही काळाने दोघांनी भर दरबारात तीच गायकी गाऊन दाखविली, तेव्हा आपली विद्या चोरली गेल्याचे पाहून खाँसाहेब संतापले आणि पुढे ग्वाल्हेर सोडून गेले.

या कथेच्या तपशिलांत एकवाक्यता नाही. मुले पडद्याआड बसत, असे बहुतेक जण सांगतात. काही जण त्यांना सिंहासनाखाली लपवतात. ऐकण्याचा काळ कोठे काही महिन्यांचा, तर कोठे काही वर्षांचा दिला जातो. महाराज म्हणजे दौलतराव शिंदे (कारकीर्द १७९४–१८२७) असा सर्वसाधारण समज असला, तरी काही कथनांत त्यांच्यानंतरच्या राजवटीचा उल्लेख येतो. कालगणनेची खरी अडचण कथेच्या उत्तरार्धात आहे. बडे महंमद खाँनी डिवचल्यामुळे हस्सू खाँनी ‘कडक बिजली’ या नावाची अवघड तान घेतली आणि त्या श्रमाने त्यांचा अंत झाला, असे हा उत्तरार्ध सांगतो, परंतु हस्सू खाँच्या मृत्यूचे वर्ष काही ठिकाणी १८५९ असे दिलेले आढळते. ते ग्राह्य धरल्यास हा प्रसंग जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत (१८४३–८६) ढकलावा लागतो, म्हणजेच पडद्यामागची मुले आणि तान घेणारे गायक यांच्यात तीसएक वर्षांचे अंतर पडते. मग दोन्ही घटनांमधील सूडाचा धागा तितकासा बळकट राहत नाही. हे दोन स्वतंत्र प्रसंग पुढील सांगणाऱ्यांनी एकत्र गुंफले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

दुसरा मुद्दा गायकीचा आहे. ग्वाल्हेरच्या ख्यालातील तानांचा पसारा या चोरून ऐकण्यातून आला, असे एक मत आहे. मात्र नत्थन पीरबख्श आणि बडे महंमद खाँ या दोघांचाही संबंध लखनौच्या कव्वालबच्चे (कव्वाल घराण्यांतून आलेल्या ख्यालगायकांच्या) परंपरेशी जोडला जातो आणि त्यांच्या घराण्यांतील वैराच्या कथाही प्रसिद्ध आहेत. मूळ एकच असेल, तर गायकीतील साम्य सांगण्यासाठी पडद्याची गरज उरत नाही. तथापि कथेचे महत्त्व तिच्या ऐतिहासिक खरेपणावर अवलंबून नाही. गप्प बसून ऐकणे म्हणजे काहीतरी घेणे होय, आणि ज्याचे घेतले जाते त्याला ते कळले पाहिजे, ही त्या काळची धारणा तिच्यात स्पष्ट दिसते. गुरूने शिष्याच्या मनगटाला धागा बांधून त्याला स्वीकारण्याच्या, म्हणजे गंडाबंधनाच्या, विधीमागेही हीच धारणा आहे: गंडा बांधलेल्या शिष्याचे ऐकणे हे शिक्षण ठरे आणि न बांधलेल्याचे तेच ऐकणे चोरी ठरे.

हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ग्वाल्हेरला शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात आली. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये आपल्या वडिलांच्या नावे ग्वाल्हेरात गांधर्व विद्यालय काढले. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने, संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या योजनेनुसार माधव संगीत विद्यालय सुरू झाले. बडोद्यात सयाजीरावांच्या काळात मौलाबख्श यांची गायनशाळा १८८६ पासूनच चालू होती. शाळा, फी आणि छापील स्वरलिपी आल्यावर गप्प बसून ऐकणाऱ्यावरचा चोरीचा संशय ओसरला. चीज (गाण्याची बांधलेली रचना) पुस्तकात मिळू लागली, तेव्हा ती लपवण्यात अर्थ उरला नाही. गाण्याची ढब मात्र तेव्हाही ऐकूनच घ्यावी लागे. इंदूरचे गायक अमीर खाँ (१९१२–७४) यांनी किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांची विलंबित (संथ लयीतील) मांडणी रीतसर तालीम न घेता ऐकून आत्मसात केली, असे सामान्यतः मानले जाते, आणि येथे चोरीचा शब्द कोणी वापरत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांतून होणाऱ्या बैठकींत मूक सभासदाची जागा ठरलेली असते. जाणकार पुढे बसतात, दाद तेच देतात आणि गवईही त्यांच्याकडे पाहूनच गातो. मूक सभासद भिंतीला टेकून, बहुधा दाराजवळ असतो. त्याचा सहभाग पाहायचा तर हाताकडे पाहावे: अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. चार बोटांची प्रत्येकी तीन पेरे मिळून एकतालाच्या १२ मात्रा भरतात. तिलवाडा या तालाच्या १६ मात्रांसाठी बोटाचे टोकही धरावे लागते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अंगठा बरोबर पोचला की मान किंचित हलते, तोंडून शब्द निघत नाही. सतरंज्या घालणे, तंबोरे आणणे, पाहुण्या गवयाला स्टेशनवरून घेऊन येणे ही कामे पुष्कळदा हीच मंडळी करतात, त्यामुळे त्यांना निष्क्रिय म्हणणे धाडसाचे ठरेल.

या विषयाची शास्त्रीय मांडणी अलीकडची आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये लायबेरियातील शिंपी, मेक्सिकोच्या युकातानमधील सुइणी आदी समूहांच्या आधारे असे दाखविले की, नवशिका प्रथम कडेला राहून पाहतो आणि ही कडेची जागा शिक्षणाचाच मान्य भाग असते. संगणकीय चर्चागटांविषयी ब्लेअर नॉनेके व जेनी प्रीस यांच्या २००० मधील अभ्यासात मूक सभासदांचे सरासरी प्रमाण आजारपणातील आधारगटांत सुमारे ४६ टक्के, तर सॉफ्टवेअरविषयक गटांत सुमारे ८२ टक्के आढळले. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेले ९०–९–१ हे सूत्र (नव्वद टक्के नुसते वाचणारे, नऊ टक्के क्वचित लिहिणारे, एक टक्का सतत लिहिणारे) अधिक प्रसिद्ध झाले. परंतु विषयानुसार प्रमाण इतके बदलत असताना एकच सूत्र सर्वत्र लावणे योग्य वाटत नाही. गप्प राहण्याचे कारण संकोच असावे, असा सर्वसाधारण तर्क असतो. प्रीस, नॉनेके आणि अँड्रूज यांच्या २००४ च्या पाहणीत मात्र सर्वाधिक लोकांनी दिलेले कारण निराळे आहे: नुसते वाचूनच त्यांचे काम भागत होते. बैठकीत भिंतीला टेकलेल्या श्रोत्यालाही हेच उत्तर बहुधा लागू पडेल.

व्हॉट्सअॅपवरील नाट्यप्रेमी, पाककृती किंवा नाणेसंग्राहकांच्या मराठी गटांत मूक सभासदांना अधूनमधून ‘निदान हजेरी तरी लावा’ अशी तंबी मिळते, आणि कोठे कोठे त्यांना गटातून काढूनही टाकले जाते. नोंदणीकृत मंडळांना असे करणे सोपे नाही. बडोद्यातील अनेक जुनी मंडळे ज्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली येतात, त्याच्या १५ व्या कलमानुसार तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकविणाऱ्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासदांत गणनाही होत नाही. सभेत तोंड न उघडणाऱ्यावर या कलमात कोणतेही बंधन नाही.