गिटारचा चढा गंधार: पार्श्वभूमी

गिटार कितीही नीट जुळवली तरी तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत काहीतरी खटकतंच. बाकी सगळ्या शेजारच्या तारांत मध्यमाचं (सा ते म) अंतर आहे, इथेच तेवढं गंधाराचं (सा ते ग). पाच जोडतारांच्या जुन्या गिटारीतही ते होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारा आल्या, तरी त्याला कुणी हात लावला नाही.

तोवर फ्रेट म्हणजे मानेवर बांधलेली आतड्याची तात. सतारीच्या पडद्यांसारखी ती सरकवता येई. ती कुठे बांधायची याचा हिशेब विन्चेन्झो गॅलिली या इटालियन ल्यूटवादकाने (ल्यूट हे जुनं तंतुवाद्य; दुर्बीण आकाशाकडे वळवणाऱ्या गॅलिलिओचे हे वडील) १५८१ मध्ये छापला: दर वेळी उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडा. गणितात हे बसत नाही. ६५० मिलिमीटरच्या तारेवर बारावा फ्रेट ३२५ वर हवा. या नियमाने तो ३२२.६ वर येतो आणि सप्तक साडेबारा सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतं. पण तार दाबली की ताणली जाऊन चढते, त्यामुळे चूक बरीचशी भरून निघे. कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच नियमाने चालले ते उगाच नाही. अठराऐवजी अचूक भाजक १७.८१७ आहे, तो घेतला की तार ब्रिजपाशी (खाली जिथे ती टेकते तिथे) किंचित लांब ठेवावी लागते.

धातूचे फ्रेट कायमचे ठोकले गेले आणि सरकवायची सोय संपली. १८२९ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेट हवे तिथे बसवता येणारी गिटार निघाली होती, पण ती चालली नाही.

खरा वाद आहे तो हार्मोनिकने (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुराने) जुळवण्याचा. आजही कित्येक क्लासमध्ये हीच पद्धत 'कानाची' म्हणून शिकवतात: सहाव्या तारेचा पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि पाचवीचा सातव्यावरचा एक करायचा, आणि तसंच पुढे. ऐकायला झकास लागतं, कारण मध्यम शुद्ध मिळतो, ४९८ सेंटचा. फ्रेटना मात्र ५०० हवा. तीनदा दोन-दोन सेंट गेले की तिसरी तार सहाने उतरते. दुसरी तार सहावीच्या सातव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकशी मिळवतात, ती दोनने चढते. म्हणजे दोघींत ४०८. शुद्ध गंधार ३८६ चा, फ्रेटचा ४०० चा. आणि प्रत्येक पायरी शुद्ध ठेवूनही हाती येतो तो त्याहून चढा!

बरं, दुसरी तार उतरवून ३८६ वर आणली तर जी मेजर कॉर्डचा गंधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधारासारखा लागतो. लगेच ई मेजर धरा: पाचव्या तारेवरचा बी आणि मोकळ्या दुसऱ्या तारेचा बी भांडायला लागतात. तडजोड टळत नाही. हार्मोनिकवाले ती झाली हेच कबूल करत नाहीत.

१९७० च्या दशकात हातात मावणारे ट्यूनर आले आणि सप्तकाचे समान बारा भाग धरणारी जुळवणी घरोघरी गेली. १९९० च्या दशकात अमेरिकेत नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) जागा सरकवून प्रत्येक तार थोडी चढी-उतरी लावण्याच्या पद्धतीला पेटंट मिळालं. आता काही ट्यूनरमध्ये असे 'गोड' केलेले आकडे भरूनच येतात. त्यातला दुसऱ्या तारेचा आकडा आपल्याला मानवतो का, हे उघड्या कॉर्डवर नव्हे, सातव्या फ्रेटवरच्या बॅर कॉर्डवर (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेल्या) तपासावं.