दुर्गंधी तयार होते एकीकडे, सुटते दुसरीकडे

दोन-तीन दिवस बंद असलेल्या औद्योगिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ब्लोअर, म्हणजे टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारे यंत्र, पुन्हा सुरू केला की सुरुवातीच्या काळात जी दुर्गंधी पसरते, तशी त्या केंद्रात एरवी क्वचितच येते. हवा सोडल्यावर वास जायला हवा, तो उलट वाढला कसा, असा प्रश्न नव्या ऑपरेटरला हमखास पडतो आणि पुष्कळदा तो घाबरून ब्लोअर बंद करतो. वास थांबतो, त्यामुळे आपण केले ते बरोबरच होते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने टाकीत साचलेला वायू पुन्हा पाण्यातच कोंडलेला असतो आणि त्यात भर पडण्याची सोयही करून ठेवलेली असते. वास जिथे तयार होतो ती जागा आणि वास जिथून सुटतो ती जागा बहुधा वेगवेगळ्या असतात, हे ध्यानात आले नाही तर दुर्गंधीवर केलेला खर्च बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी होतो.

आधी वास तयार कसा होतो ते पाहू. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एका लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर त्याच लिटरभर औद्योगिक सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांना पचवण्यासाठी हजारो मिलिग्रॅम प्राणवायू लागू शकतो. बाहेरून हवा मिळत राहिली नाही तर पाण्यातला साठा बघता बघता संपतो. मग काही जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. नायट्रेटही संपले की सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंची पाळी येते, आणि त्यांच्या ‘श्वसनातून’ हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार होतो. प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट हा क्रम सहसा मोडत नाही, कारण त्या क्रमाने जीवाणूंना मिळणारी ऊर्जा कमी कमी होत जाते. दुर्गंधीनियंत्रणाचे अर्धे शास्त्र या एका क्रमात आहे.

टाकीतील पाण्याचा मुख्य भाग हवेशीर असला तरी तळाशी बसलेला गाळ आणि भिंतींवर चढलेला बुळबुळीत थर यांच्या आत प्राणवायू पोहोचत नाही. लांब काठीने तळाचा गाळ थोडा वर काढून पाहिला तर तो डांबरासारखा काळा दिसतो. हा काळेपणा घाणीचा नसतो. सल्फाइड आणि पाण्यातले लोह यांच्या संयोगातून झालेल्या आयर्न सल्फाइडचा तो रंग असतो. तोच गाळ काठीवर तसाच उघड्यावर ठेवला की हवेशी संबंध आल्यावर कडेने तपकिरी, गंजासारखा होऊ लागतो. डिफ्युझर, म्हणजे तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारी बारीक छिद्रांची तोंडे, बुजल्यामुळे किंवा मिक्सरचा जोर न पोहोचल्यामुळे टाकीच्या ज्या कोपऱ्यात हवा लागत नाही, तो कोपरा या काळ्या गाळावरून कोणत्याही उपकरणाशिवाय सापडतो.

सल्फेट पाण्यात येते कुठून, याचा शोध फार थोडे लोक घेतात. काही उद्योगांच्या कच्च्या मालातूनच ते येते. पण अनेक ठिकाणी ते प्रक्रिया केंद्रातच, आपल्याच हाताने घातले जाते. अल्कधर्मी सांडपाणी उदासीन करायला सल्फ्युरिक आम्ल वापरतात, कारण ते स्वस्त असते; गढूळपणा काढायला तुरटी, म्हणजे अॅल्युमिनियमचे सल्फेट वापरतात. हिशेब सोपा आहे: दर ३ मिलिग्रॅम सल्फेटमागे सल्फाइडच्या रूपातील १ मिलिग्रॅम गंधक तयार होऊ शकते. पुढची टाकी प्राणवायूविरहित असेल, तर आदल्या टाकीत ओतलेले आम्ल तिथल्या जीवाणूंचे खाद्यच ठरते. उदासीनीकरणासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा कार्बन डायऑक्साइड वापरले तर हे टळते. त्यांचा खर्च जास्त असला तरी, पुढे दुर्गंधी मारायला लागणाऱ्या रसायनांचा खर्च शेजारी मांडूनच तुलना करावी, असे मला वाटते.

आता सुटण्याकडे वळू. सल्फाइड पाण्यात विरघळलेले असताना त्याचा काही भाग विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या रूपात असतो आणि काही भाग साध्या वायूच्या रूपात. आयनाला पाण्याबाहेर पडता येत नाही, वायूला येते. या दोहोंचे प्रमाण पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ठरवतो (७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी). पीएच ७ ला ते साधारण निम्मे-निम्मे असते, पीएच ६ ला सुमारे ९० टक्के वायुरूपात असते आणि पीएच ८ ला वायूचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास उतरतो. अल्कधर्मी सल्फाइडयुक्त पाण्यात आम्लधर्मी प्रवाह येऊन मिळाला की काय होते ते यावरून कळेल. कातडी कमावण्याच्या उद्योगात चुना आणि सोडियम सल्फाइड वापरून केस काढल्यावर उरलेले पाणी पीएच १२ च्या घरात असते आणि पुढच्या टप्प्यांतले पाणी चांगलेच आम्लधर्मी असते. हे दोन प्रवाह एकाच गटारात सोडणे जीवघेणे ठरते. त्यामुळे सल्फाइडचे पाणी वेगळे ठेवून, त्यात अल्प प्रमाणात मँगनीज सल्फेट उत्प्रेरक म्हणून घालून आणि हवा सोडून सल्फाइड नष्ट करतात, आणि त्यानंतरच ते इतर पाण्यात मिसळतात.

सुटण्याचे दुसरे कारण खळखळ हे आहे. पाण्यात वायुरूपातले हायड्रोजन सल्फाइड लिटरला केवळ १ मिलिग्रॅम असले, तरी बंद जागेत त्याच्यावरच्या हवेत समतोल साधेपर्यंत ते दहा लाखांत २५० ते ३०० भाग, म्हणजे तेवढे पीपीएम, इतके जमा होऊ शकते. शांत पृष्ठभागावरून हा समतोल साधायला फार वेळ लागतो. पाणी उंचावरून पडले, बंधाऱ्यावरून सांडले किंवा बुडबुड्यांनी घुसळले की ते काम पटकन उरकते. सुट्टीनंतर ब्लोअर सुरू केल्यावर हेच घडत असते. म्हणून साचलेल्या टाकीत एकदम पूर्ण जोराने हवा सोडू नये. आधी नायट्रेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडची मात्रा द्यावी, मग हवा हळूहळू वाढवावी. आणि मुळात सुट्टीतही थोडी हवा व मिश्रण चालू ठेवावे, ते सर्वांत स्वस्त पडते. याच न्यायाने, टाकीत येणारा पाइप पाण्याच्या पातळीच्या वर सुटत असेल तर त्याला एक तुकडा जोडून तोंड पाण्याखाली नेले की वासात लक्षात येण्याजोगा फरक पडतो. असा पाइप वरच्या अंगाला फेस आणि शिंतोड्यांचे डाग पाहून लगेच ओळखता येतो, तरी तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

हायड्रोजन सल्फाइड हाच एकमेव गुन्हेगार नाही. सडक्या कोबीसारख्या वासाची मर्कॅप्टन संयुगे, खवट लोण्याच्या वासाचे ब्युटिरिक आम्ल, माशासारख्या वासाची अमाइन संयुगे आणि अमोनिया हेही असतात. यात गंमत अशी की पीएच वाढवला तर हायड्रोजन सल्फाइड आणि सेंद्रिय आम्ले पाण्यात अडकून राहतात, पण अमोनिया आणि अमाइन बाहेर पडू लागतात. टाकीत चुना टाकल्यावर सडका वास जाऊन झोंबणारा वास येऊ लागला, अशी तक्रार ऐकू आली तर त्यामागे बहुधा हे असते. कोणत्याही एका पीएचवर सगळेच वायू पाण्यात राहतील, अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

पाण्यातच उपाय करायचा तर त्याचे तीन मार्ग आहेत, आणि तिघांची कामे निराळी आहेत. पहिला नायट्रेटचा. कॅल्शियम नायट्रेटसारखे द्रावण सोडले की वर सांगितलेल्या क्रमानुसार जीवाणू सल्फेटऐवजी नायट्रेटकडे वळतात, आणि काही जीवाणू तर आधीच तयार झालेले सल्फाइडही नायट्रेटच्या मदतीने पचवतात. वास जन्मतानाच रोखणारा मार्ग हाच. दुसरा लोहक्षारांचा: फेरस किंवा फेरिक क्लोराइडमधले लोह सल्फाइडला धरून काळा साका बनवते. तो वास देत नाही, पण गाळ वाढवतो आणि पाणी काळवंडते. तिसरा ऑक्सिडीकरणाचा. हायड्रोजन पेरॉक्साइड कागदावर एका भाग सल्फाइडला सुमारे एक भाग पुरते आणि मागे गंधक व पाणीच उरते. सांडपाण्यातल्या इतर पदार्थांवरही ते खर्च होत असल्यामुळे प्रत्यक्षात मात्र जास्त लागते. प्रक्रिया केंद्रात ज्याला नुसते ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट हाताशी असते, म्हणून वास आला की तेच ओतण्याची सवय दिसते. घट्ट, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या पाण्यात ते सल्फाइडपर्यंत पोहोचण्याआधीच इतर गोष्टींवर खपते, वर नको ती क्लोरीनयुक्त संयुगे बनवते, आणि पुढच्या टाकीतले उपयोगी जीवाणूही मारू शकते. इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे वेगवेगळ्या वेळी येणारे सांडपाणी एकत्र साठवून एकसारखे करणाऱ्या सुरुवातीच्या टाकीत, हायपो ओतणे ही मला तरी घाईची उधळपट्टी वाटते.

पाण्यात जे साधत नाही ते हवेत पकडावे लागते. त्यासाठी टाकीवर झाकण घालून आतली हवा पंख्याने सतत ओढून घेतात, म्हणजे फटींतून हवा आत येते, बाहेर जात नाही. ती हवा स्क्रबरमध्ये कॉस्टिक सोडा आणि हायपोच्या फवाऱ्यातून नेली की हायड्रोजन सल्फाइड धुतले जाते. अमोनिया असेल तर आधी सल्फ्युरिक आम्लाचा वेगळा टप्पा ठेवतात. हे दोन टप्पे काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात, कारण आम्ल आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. हवेचे प्रमाण थोडे आणि वास सौम्य असेल तिथे सक्रिय कोळशाचा थर पुरतो, पण तो भरला की बदलावा लागतो.

मला सर्वांत आवडणारा मार्ग मात्र जीवाणूंचाच आहे. ओलसर माती, कंपोस्ट किंवा लाकडाच्या तुकड्यांच्या साधारण मीटरभर थरातून दूषित हवा सावकाश, अर्धा ते एक मिनिट लागेल अशा वेगाने, वर सोडली की त्या थरात वाढणारे जीवाणू दुर्गंधी देणारे वायू खाऊन टाकतात. अमेरिकेतील रिचर्ड पोमरॉय यांना अशा पद्धतीचे पेटंट १९५७ मध्ये मिळाले. याला बायोफिल्टर म्हणतात. तो बिघडतो तो बहुधा ओलाव्यावरून. थर कुठे सुकला की तिथे भेगा पडतात, सगळी हवा त्या भेगांतूनच निसटते आणि बाकीचा थर उपाशी राहतो. अशा थरावर हात फिरवला तर एखाद्या जागी कोरडा, झोतासारखा वारा लागतो, तेवढ्यावरून निदान होते.

झाकणाचीही किंमत मोजावी लागते. झाकणाखालच्या ओल्या काँक्रीटवर वेगळे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून सल्फ्युरिक आम्ल बनवतात. पार्कर या संशोधकाने १९४५ मध्ये या जीवाणूंचा छडा लावला. मूळचे अल्कधर्मी काँक्रीट मऊ पांढऱ्या लगद्यासारखे होते आणि बोटाने खरवडले तरी निघते. ही झीज पाण्याच्या पातळीच्या वर होते, पाण्याखाली नाही, हे प्रथम पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटते.

सुगंधी फवारे मारण्याला मी नियंत्रण म्हणत नाही. त्याने एका वासावर दुसरा वास चढतो आणि शेजाऱ्यांना दोन्ही येतात. शिवाय नाकाचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. वायूचे प्रमाण दहापट घटले तरी वासाची जाणीव काही पायऱ्याच खाली येते, त्यामुळे ९० टक्के वायू काढूनही ‘फारसा फरक पडला नाही’ असे लोक म्हणतात, आणि त्यांचे खरे असते. म्हणून वास मोजायला आजही माणसांचेच नाक वापरतात. हवेचा नमुना शुद्ध हवेने विरळ करत करत निवडक लोकांना हुंगायला देतात आणि निम्म्या लोकांना तो जेमतेम जाणवतो ती पातळी शोधतात. ईएन १३७२५ या युरोपीय मानकात त्याची रीत ठरवून दिली आहे, आणि हुंगणाऱ्यांची परीक्षा ब्युटेनॉलच्या ठरावीक प्रमाणाने घेतली जाते.

एका बाबतीत मात्र नाकावर मुळीच विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या एक अब्ज भागांत काही भाग असले तरी त्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. ५०० पीपीएमच्या पुढे माणूस कोसळू शकतो आणि १,००० पीपीएमच्या वर एक-दोन श्वासही पुरतात. झाकण घातलेल्या टाकीबाहेर वास नसतो, आत तो साचलेला असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने झाकण उघडण्याआधी आणि नंतर, दोरीने वायू मोजणारा मीटर खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी वेगवेगळी मोजणी करावी लागते. मोजणी ठीक आली, टाकी रिकामी असली, पंखा चालू असला तरी गाळ काढायला उतरणाऱ्याच्या अंगावर मीटर चालूच ठेवतात, कारण त्या काळ्या गाळात बूट रुतला की त्यात अडकलेला वायू पुन्हा वर येतो.