२१४७४८३६४७

दोनाच्या ३१ व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी अविभाज्य संख्या. वाचायची ती दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस अशी. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती लिहिणे फार सोपे : ओळीने ३१ वेळा १. अशा रूपाच्या अविभाज्य संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात आणि त्यांत हिचा क्रमांक आठवा. घातांक ३१ हासुद्धा मर्सेन संख्याच आहे. हिला दोनाच्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या, मिळते.

इटलीचे गणितज्ञ कातालदी यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक अविभाज्य संख्या देतात असे सांगितले होते. त्यांतला ३१ तेवढा खरा निघाला. तो सिद्ध केला गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी. गणितज्ञ बर्नूली यांना लिहिलेल्या आणि १७७२ मध्ये छापलेल्या पत्रात ते आले आहे. तोवर ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. भागून पाहायचे तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंतचे सगळे अविभाज्य विभाजक तपासावे लागतात आणि ते साडेचार हजारांहून जास्त भरतात. ऑयलर यांनी दाखवले, की या संख्येला अविभाज्य विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे. मग पावणेचारशेच्या आतच उमेदवार उरतात, आणि त्यांतले बरेचसे स्वतःच विभाज्य असल्याने आपोआप गळतात. खरी करामत आहे ती ही गाळणी.

१८११ मध्ये इंग्लंडचे गणितज्ञ पीटर बार्लो यांनी लिहिले, की हिच्यापासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युका यांनी दोनाचा १२७ वा घात वजा एक ही संख्या अविभाज्य असल्याचे दाखवले आणि हे भाकीत खोटे पडले.

२१४७४८३६४७ ही संख्या मात्र संगणकामुळे उपयोगाची ठरली. संगणकात संख्या साठवायच्या ३२ बिटांपैकी (० किंवा १ च्या जागांपैकी) एक अधिक-उणे चिन्हासाठी राखला, की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. अनेक जुन्या संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच मापात मोजतात. त्यांची मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. इथे अविभाज्यतेचा काहीही संबंध नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. ६४ बिटांतली तशीच कमाल संख्या, म्हणजे दोनाचा ६३ वा घात वजा एक, हिला तर साध्या ७ ने भाग जातो.

अविभाज्यता खरोखर कामी येते ती यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम दिसत नाही अशा, संख्या तयार करताना. १९६९ पासून वापरात असलेल्या एका रीतीत आधीच्या संख्येला १६८०७ ने, म्हणजे सातच्या पाचव्या घाताने गुणतात, गुणाकाराला २१४७४८३६४७ ने भागतात आणि बाकी पुढची संख्या म्हणून घेतात. १ पासून सुरुवात केली तर २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावरच १ पुन्हा येतो.