‘मोतीबिंदू पिकू द्या’ हे आलं कुठून?

“अजून पिकला नाही, थांबा थोडं.” मोतीबिंदूबद्दल हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येतं. एकेकाळी डॉक्टरच तसं सांगत, आणि त्याला सबळ कारणं होती.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूने नजर जाण्यावर, शलाकेचा (बारीक सळईचा) उपाय आहे. डोळ्यातलं गढुळलेलं भिंग काढत नसत, शलाकेने बाजूला सारत, म्हणजे बाहुलीतून उजेडाला वाट मिळे. मग रोग्याने उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, ढेकरसुद्धा द्यायचा नाही. भिंग बाहेर काढण्याची रीत १७४७ नंतर फ्रान्समधल्या झाक दाविएल यांनी रुळवली. पण कच्च्या मोतीबिंदूचा चिकट गर आतच राहून जाई, म्हणून पिकण्याची वाट पाहणं आलं.

दुसरं कारण चष्म्याचं. भिंग काढलं की जाड चष्मा लागे. माझ्या आजीचा होता, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. त्यातून सगळं सुमारे पावपट मोठं आणि जवळ दिसे. आजी पायरी आधी पायाने चाचपायची, आणि कपात ओतलेला चहा बशीत सांडायचा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं तर दोन डोळ्यांना दोन आकार दिसत. त्यापेक्षा दोन्ही डोळे अधू होईपर्यंत थांबलेलं बरं, असा हिशेब असे.

हा हिशेब इंग्लंडचे नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांनी मोडला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सचे (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे) कण रुतले, तरी डोळ्याने ते निमूट सोसले, हे त्यांनी पाहिलं होतं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग डोळ्यात बसवलं. भारताचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६चा; पण परदेशी लेन्स महाग, त्यामुळे शिबिरांत पुढेही जाड चष्मेच मिळत राहिले. १९९२मध्ये मदुराईच्या अरविंद रुग्णालयाच्या ऑरोलॅबने लेन्स इथेच बनवायला घेतली. १९९४पासून जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम चालली.

थांबण्याची कारणं संपली, वाक्य मात्र राहिलं. उलट, १९६७मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी आणलेल्या फेको पद्धतीला (ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून काढण्याच्या) कडक पिकलेला मोतीबिंदूच जास्त अवघड जातो. अति पिकलेलं भिंग फुगतं किंवा झिरपतं, डोळ्यातला दाब वाढतो आणि नस मरू लागते.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती डोळ्याची नस हळूहळू मारणाऱ्या काचबिंदूची. तो बहुधा दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं. घरचे म्हणतात, वयाचा मोतीबिंदू असेल, पिकला की बघू. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेकदा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. दोघांतला फरक घरी बसून कळत नाही. त्यासाठी डोळ्याचा दाब मोजावा लागतो आणि थेंब घालून, बाहुली मोठी करून मागची नस बघावी लागते.