एक-चौदाच्या मागचा गोवा

गोव्यात जागा घ्यायची म्हटलं की वकील आधी एक-चौदाचा उतारा मागतो, म्हणजे इथला सातबारा. तो दिला की म्हणतो, आता पोर्तुगीज काळातले कागद काढा. पुण्या-मुंबईकडचं गिऱ्हाईक इथेच चक्रावतं. सातबारावर नाव असलं की निम्मं काम झालं, ही तिकडची सवय इथे चालत नाही.

तिसवाडी, बार्देश, साष्टी या भागांत जमीन मुळात गावाची. गावकरी संस्था खाजनांचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांचे बांध सांभाळायची, शेतं पावणीने (लिलावाने) द्यायची आणि खर्च भागून उरेल त्यातून गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या हक्कदारांना, जोण (नफ्याचा वाटा) वाटायची. पोर्तुगीजांनी ही घडी मोडली नाही. महसूल हवा होता ना! 1526 मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या या रूढी लिहून काढल्या. पुढे हीच संस्था कोमुनिदाद झाली. तिची आजची संहिता एप्रिल 1961 ची, म्हणजे मुक्तीच्या जेमतेम आठ महिने आधीची. नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी पुढे जिंकलेल्या तालुक्यांत, चित्र निराळं. त्यातल्या सत्तरीत मोकासोचा (इनामी गावांच्या हक्कांचा) घोळ अजून मिटलेला नाही.

खरा पेच 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने घातला. ती गोव्यात 1870 पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे धनी. वडिलांचं भाट (माडा-पोफळींची बागायत) मुलीच्या वाट्याला आलं की तिच्याबरोबर जावईही हक्कदार होतो. म्हणून इथल्या विक्रीखतावर सुना-जावयांच्याही सह्या लागतात आणि आफ्रिकेत किंवा लिस्बनला गेलेल्या एका भावासाठी व्यवहार वर्षानुवर्षं अडून राहतो. 2012 चा उत्तराधिकार कायदा 2016 मध्ये अंमलात आला, पण ही तत्त्वं त्याने ठेवलीच.

मुक्तीनंतर वारं फिरलं ते कसणाऱ्याच्या बाजूने. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत 1964 चा कूळ कायदा आला. त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्री शशिकला काकोडकरांच्या काळात 1975 चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि कूळ कायद्याची 1976 ची दुरुस्ती. त्या दुरुस्तीने कूळच जमिनीचं मालक मानलं गेलं. भाटकारांना (जमीनमालकांना) हा घाव जिव्हारी लागला, ते कोर्टात गेले. मुंडकाराला राहत्या घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला: पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंत, पालिकेत 200.

एक-चौदाही मुक्तीनंतरचाच. तो 1968 च्या जमीन महसूल संहितेतून आला आणि सत्तरच्या दशकातल्या मोजणीत भरला गेला. त्यात कब्जेदाराचा रकाना आहे, कुळाचा आहे, इतर हक्कांचाही आहे. घेणारा बहुधा पहिलाच वाचतो. त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. मालकी त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून आधीचं पोर्तुगीज नोंदणीपुस्तक उघडावं लागतं. खोटे जुने दस्त करून परदेशस्थ मालकांच्या जमिनी लाटणाऱ्यांचं फावलं तेही इथेच. ती प्रकरणं इतकी वाढली, की 2022 मध्ये सरकारला त्यासाठी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली.