पीडीए म्हणजे जुना स्मार्टफोन नव्हे

जुन्या फोटोत कुणी काडीसारखं पेन घेऊन हातातल्या छोट्या पडद्यावर काहीतरी टिपताना दिसलं, की हल्ली लगेच ऐकू येतं, ‘हा बघ त्या काळातला स्मार्टफोन!’ चूक होणं साहजिक आहे. आकार तोच, आत कॅलेंडर, पत्ते, कामांची यादीही तीच. पण तो होता पीडीए, आणि दोघांतला फरक ‘त्यावरून फोन लागत नव्हता’ एवढ्यावर संपत नाही.

पीडीए म्हणजे पर्सनल डिजिटल असिस्टंट. हे नाव १९९२ साली ॲपलचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांनी पुढे आणलं आणि १९९३ मध्ये ॲपलचा न्यूटन मेसेजपॅड बाजारात आला. खरा खपला तो मात्र १९९६ चा पाम पायलट. तो घडवणारे जेफ हॉकिन्स आधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचे. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिपून घेतल्यासारखं करायचं! मला हा ठोकळा फार आवडतो. चटकन निघावी, चटकन खिशात जावी अशी डायरी त्यांना हवी होती.

त्या डायरीची मूळ प्रत मात्र टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये असायची. खिशात फिरायची ती नक्कल. परत आलं की यंत्र स्टँडवर ठेवायचं, बटण दाबायचं, की दोन्हीकडच्या नोंदी जुळायच्या. मधल्या वेळात बाहेर काय चाललंय याचा त्याला पत्ता नसे. तीनची मीटिंग पाचवर गेली, तरी पडदा इमानेइतबारे तीनच दाखवायचा. पहिल्या पायलटची मेमरी होती फक्त १२८ केबी, आणि तीही सेलवर जगायची. दोन पेन्सिल सेल आठवडेच्या आठवडे पुरायचे, पण संपले आणि वेळेत बदलले नाहीत की आतलं सगळं पुसलं जाई. स्टँडवर ठेवायची सवय असलेल्यांचं तरी काही बिघडत नसे, मूळ प्रत जागेवरच असायची.

लिहिण्याची तऱ्हाही वेगळी. न्यूटन तुमचं अक्षर ओळखायला धडपडायचा आणि बरेचदा तोंडघशी पडायचा. पायलटने सरळ तुम्हालाच नवं अक्षर गिरवायला लावलं. इंग्रजी ‘ए’ काढायचा तो आडवी दांडी न देता, छपरासारखा. ‘टी’ म्हणजे डावीकडून आडवी रेघ आणि तिच्या टोकाशी खाली वळण, पेन न उचलता. लोक हे शिकलेही.

स्मार्टफोनचं घराणं वेगळं. आयबीएमचा सायमन १९९४ मध्येच विक्रीला आला होता. टच स्क्रीन, फॅक्स, ईमेल सगळं होतं, पण बोलायला लागलं की तासाभरात बॅटरी मान टाकायची. १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर चष्म्याच्या डबीसारखा उघडायचा आणि वजनाला जवळपास ४०० ग्रॅम भरायचा.

खरी गंमत ब्लॅकबेरीची. १९९९ चा ८५० दिसायला पेजर, त्यावरून बोलता येत नसे, पण ईमेल आपोआप येऊन पडे. २००२ च्या ५८१० मध्ये फोन आला, तोही हेडसेट लावला तरच बोलता येईल असा. आता ८५० ला पीडीए म्हणायचं का? मी नाही म्हणणार. तुम्ही काही न करता आत नवं काही येऊन पडतं का, एवढंच मी बघतो. ८५० मध्ये पडायचं, पायलटमध्ये नाही. २००२ च्याच ट्रिओ नावाच्या यंत्रात फोन होता, पण कॅलेंडर अजूनही केबल लावूनच जुळवायचं. तो अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा.

घरात जुना स्मार्टफोन पडला असेल तर त्याचं सिम काढा, वायफाय बंद करा आणि त्यावर कामांची यादी लिहा. झाला पीडीए. फक्त चार्जिंग त्याला वरचेवर लागेल.