अंडी, ऊब आणि मादी

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव निघालं की मुंबईकराला साप आठवतो. पण तिथे साप ठेवले गेले ते विषासाठी. प्रतिसर्पविष, म्हणजे साप चावल्यावर दिलं जाणारं औषध, ज्या चार सापांच्या विषापासून बनतं, त्यांतले नाग आणि मण्यार अंडी घालतात. घोणस आणि फुरसं थेट पिल्लं देतात. साप रानातून पकडून आणता येत असल्याने गाभण मादी सांभाळायची निकड फारशी नव्हती.

त्या मादीकडे लक्ष वेधलं अजगराने. भारतात फिरून गेलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने सांगितलं, अजगरीण अंड्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब आणणार कुठून? पॅरिसच्या विद्वानांनी ते उडवून लावलं. १८४१ मध्ये तिथल्याच प्राणिसंग्रहालयात एक मादी अंड्यांवर बसली, प्राणिशास्त्रज्ञ वालाँसियेन यांनी तापमान मोजलं आणि प्रवासी खरा ठरला. न्यूयॉर्कमधल्या मादीवरच्या १९६६ च्या अभ्यासात ऊब येते कशी तेही कळलं: ती स्नायू आखडत राहते, आचक्यामागून आचका. गारवा वाढला की आचकेही वाढतात.

अंड्यांवर बसलेली मादी सहसा खात नाही, त्यामुळे अंगात साठा आधीच हवा. नेमकं इथेच पाळणारे चुकत आले. खाऊ घालून लठ्ठ केलेल्या, दिवसरात्र डब्यात पडून राहणाऱ्या मादीची अंडी अडतात. आडोसा नसेल तर ती काचेवर नाक घासत फिरते, अंडी रोखून धरते. ओलसर शेवाळ भरलेला झाकणाचा डबा ठेवणं हा साधा उपाय. अडलेली अंडी बाहेर यावीत म्हणून कासवाला चालणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सापाला तितकंसं लागू पडत नाही. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर; त्याची मादी अंड्यांआधीची कात टाकून साधारण महिन्याने अंडी घालते. तो काळ उलटला तर डॉक्टर गाठावा.

मुंबईत १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप घरी ठेवता येत नाहीत. इथल्या सर्पमित्रांच्या हाती येतात ती खोदकामात सापडलेली धामणीची किंवा दिवडाची अंडी, बहुधा आईविना. कोंबडी अंडी फिरवते. सापाचं अंडं फिरवलं तर आतला जीव दगावू शकतो. म्हणून उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारायची आणि ती फुली शेवटपर्यंत वरच ठेवायची.

बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या (CITES) यादीतल्या परदेशी सापांसाठी याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणी आली. पिल्लं झाली की कळवावं लागतं, आणि मादी मेली तर तेही.